चुकलेला ठोका आणि राहिलेली गोष्ट

दिवाळीच्या तोंडावर न्हाव्याला लिहायला बसवणं म्हणजे ऐन सुगीत शेतकऱ्याला प्रवचनाला बसवण्यासारखं आहे. दुकानाच्या बाकावर माणसं ताटकळलीत, आणि मी आतल्या खोलीत कागद पुढ्यात घेऊन पेन चावतोय. पण अंकासाठी लिहा म्हणालात, लिहितो. शुद्धलेखन तुम्ही बघा. अकलेला हात लावू नका, ती आहे तेवढीच आहे.

विंझरला एसटी थांब्यासमोर माझं दुकान. वेल्ह्याकडं जाणारी गाडी माझ्या आरशात आधी दिसते, म्हणून माणसं गाडी बघायला आत येतात आणि गाडी उशिरा असली तर दाढी उरकून जातात. एसटीच्या उशिरावर माझं घर चाललंय म्हटलं तरी चालेल.

बाहेरच्यांना वाटतं आमचा धंदा उजव्या हाताचा, कारण वस्तरा त्या हातात असतो. तसं नाही. खरं काम डाव्या हाताचं. डाव्या बोटांनी कातडं ताणून धरायचं. ते ढिलं पडलं की वस्तरा अडखळलाच. आणि तिसरं अवजार म्हणजे तोंड. माणूस खुर्चीत बसला की मान ताठ करतो, कारण गळ्याशी पातं आहे हे त्याला माहीत असतं. त्याला गोष्टीत अडकवायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची विहीर कोरडी लागली. गोष्ट रंगली की मान आपोआप सैल पडते, आणि मग आमचं काम सोपं. न्हावी बडबडे असतात म्हणून लोक हसतात. अहो, ते आमचं भुलीचं औषध आहे!

दुकानाच्या पाटीवर न लिहिलेलंही एक काम असतं. दहाव्याचं. माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर जायचं आणि पोरांची, नातवांची, भावकीची डोकी भादरायची. मग भटजी पिंड मांडतात आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेला सुखानं गेला. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय. मधल्या वेळात आमच्याकडं भाषणं होतात. गेलेला माणूस किती थोर होता हे ज्यांनी त्याला जिवंतपणी कधी चहा पाजला नाही ते माईकवरून सांगतात. मी खाली बसून वस्तरा पुसतो आणि ऐकतो.

तर असा मी मरणाच्या शेजारी बसून विडी ओढणारा माणूस. आणि एका दुपारी माझंच काळीज थांबलं.

एका मास्तरांची दाढी चालली होती. वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर, आणि माझ्या छातीत एकदम काही नाहीच. उतरताना पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. मग धाडदिशी एक मोठा ठोका आला आणि गाडी पुन्हा सुरू.

"का रे, थांबलास?" मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"म्या न्हाई थांबलो मास्तर. आत कायतरी थांबलं."

मास्तरांनी डोळे उघडले. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले, आणि उरलेली त्यांनी कुठं केली ते मला आजवर माहीत नाही.

माझी सासुरवाडी भोरची. मेव्हण्यानं मला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण बाई, पण नजर करडी. त्यांनी कार्डिओग्राम काढला. गार जेल फासून पडद्यावर काळीज दाखवलं. चालत्या पट्ट्यावर पळवलं, रक्त तपासलं. शेवटी एक दिवसभर, रात्रभर छातीला तारा चिकटवून यंत्र गळ्यात बांधलं. मी ते घेऊन एसटीनं घरी आलो तर शेजारची म्हातारी म्हणाली, "बाळूला सरकारनं नवीन मीटर बशिवला."

सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "काका, सगळं नॉर्मल आहे."

नॉर्मल! चांगल्या बातमीनं माणूस एवढा हिरमुसतो हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "बाई, मग चुकतंय ते काय?"

"ठोके चुकतात. यंत्रात पण दिसलेत. पण हृदय चांगलं आहे, त्यामुळे त्यात धोका नाही. बहुतेकांचे अधूनमधून चुकतात, त्यांना कळत नाही. तुम्हाला कळतं."

"म्हंजे म्या हुशार?"

"नाही. तुम्ही कान लावून बसलाय." मग त्यांनी बजावलं, विडी सोडा, चहा कमी करा, झोप काढा. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, तर लगेच या. नुसता ठोका चुकला म्हणून येऊ नका.

घरी आलो. आमची मंडळी, शालन, म्हणाली, "काळीज बरं हाय म्हनली ना बाई? मंग डोस्कं तपासून घ्यायचं हुतं, गेला हुतासा तर." तरी तिनं मीठमिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. दृष्ट लागली असेल तर मिरच्यांचा ठसका उठत नाही म्हणतात. आमच्यात असा ठसका उठला की शेजारीपाजारी खोकत बाहेर आले. म्हणजे तिथंही रिपोर्ट नॉर्मल.

त्या दिवसापासून मी स्वतःलाच ऐकायला लागलो. खुर्चीत गिऱ्हाईक, हातात फणी, आणि कान आत. आता चुकतोय, आता चुकतोय. नाही चुकला तर का नाही चुकला? बोलणं बंद पडलं. बोलताना ठोका ऐकू येत नाही ना! वस्तरा तर मी खणातच टाकला. कुणाच्या गळ्यावर पातं असताना आपलं काळीज कायमचं थांबलं, तर दोन दहावे एकाच दिवशी, आणि डोकी भादरायला गावात दुसरा न्हावी नाही. नुसतं मशीन फिरवायला लागलो. लोक म्हणाले, बाळूनं मौन धरलंय, बहुतेक निवडणुकीला उभा राहतोय.

आणि मग डाव्या हातानं घात केला. उभं आयुष्य ही बोटं लोकांच्या गळ्यावर फिरली, पण तिथं शीर उडते याकडं माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. आता जाऊ लागलं. ज्याच्या त्याच्या गळ्यावर बोटं ठेवून मी मुक्यानं उभा. आणि खरंच, कुणाकुणाचा चुकत होता की! मला काय आनंद झाला म्हणता! आपण एकटे नाही म्हटल्यावर माणसाला धीर येतो.

तेवढ्यात भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे प्लॉटिंगवाले. पुण्याच्या लोकांना धुक्यात उभं करून 'हितनं तोरणा दिसतो' म्हणून जमीन विकणारे. माझा गाळा त्यांच्याच मालकीचा, म्हणून त्यांना मी फेस जरा जास्त लावतो. गळ्यावर बोटं ठेवली आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊसाहेब, तुमचा बी चुकतोय."

"काय चुकतोय?"

"ठोका."

माणूस फेसाहून पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. भोरचा दवाखाना त्यांना लहान पडतो. मोठ्या ठिकाणी सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांनाही मीटर बसवला, आणि निष्पन्न काय? नॉर्मल. परत आल्यावर दुकानात शिरले ते फणफणतच.

"सगळं नॉर्मल निघालं!"

"मग बरं झालं की."

"काय बरं झालं? आधी मला कळत नव्हतं, आता रोज कळतंय! जेवताना कळतंय, झोपताना कळतंय! तू बोललासच कशाला, भाड्या?"

आठवडाभरात निम्मं विंझर छातीवर हात ठेवून फिरायला लागलं. एक दिवस डॉक्टरीणबाईंचा मोबाईलवर फोन. "काका, काय चालवलंय? रोज विंझरचं कुणीतरी येतं. कुणी पाठवलं विचारलं की मान पुढं करून गळा दाखवतात. सगळे ठणठणीत आहेत. बंद करा हे." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अशात धोंडीआबा आले. आबांची ओळख करून द्यायला पाहिजे. ऐंशी पार केलेला भातशेतीवाला म्हातारा, बायको कधीच गेलेली, दोन्ही पोरं पुण्यात, लेक किकवीला दिलेली. दाढीला केस असोत नसोत, आबा रोज सकाळी दुकानात. मधल्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, सांग." माझी प्रत्येक गोष्ट त्यांनी ऐकलेली. मी जरा थांबलो की लगेच, "मग पुढं?"

त्या दिवशी बसले आणि म्हणाले, "त्ये घुरघुरतंय त्ये मशीन नगं. वस्तरा काढ."

"आबा, नको. माझा ठोका चुकतोय."

"चुकू दे. वस्तरा काढ."

आबांपुढं माझं चालत नाही. वस्तरा काढला, साबण लावला, डावी बोटं गळ्यावर टेकवली. आबांचा ठोका म्हणजे नुसता गोंधळ! एक लांब, दोन घाईचे, मग एक गायबच, मग तीन एकावर एक. माझा तर कधीमधी चुकतो. आबांचा चुकून बरोबर पडत होता.

"आबा, उठा. दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"कशाला?"

"तुमचा ठोका वाकडा पडतोय!"

आबा हसले. फेसाचे बुडबुडे उडाले. "अरं, त्या भोरच्या दवाखान्याच्याच गोळ्या खातोय की मी. लई वर्सं झाली. त्यो तसाच हाय, वाकडा. गोळ्या घ्यायच्या नि कामाला लागायचं."

मी आरशात बघतच राहिलो. "लई वर्सं? आवो आबा, रोज माझा हात असतो हितं. मला कसं कळलं न्हाई?"

आबांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "तवा तू बोलत हुतास."

मी पुन्हा साबण फासायला घेतला.

"दाढीला कोण येतंय रं हितं?" आबा म्हणाले. "दाढी घरी बी घासता येती. मी तुझं तोंड ऐकाय येतो. घरात भिंती हायेत, त्या काय बोलत न्हाईत. आन् तू बी भिंत झालास. बोल कायतरी."

मग बोललो. हाताशी ताजी गोष्ट होतीच, भाऊसाहेबांची. देवीच्या यात्रेत अभिषेकाला बसायचा मान यंदा त्यांचा होता. सोवळं नेसून, उघड्या अंगानं. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बंगल्यावर गुपचूप बोलावलं. "दार लावलं आबा. पडदे वढले. मला म्हनले, शपथ घे, कुणाला सांगणार न्हाईस, न्हाईतर गाळा खाली करावा लागंल. म्या घेतली शपथ. मंग त्यांनी सदरा काढला, आन् बघतो तर आबा..."

इथं ठोका चुकला. लागोपाठ दोन. वस्तरा आबांच्या गळ्यावर. मी हात उचलून गप्प उभा राहिलो.

"मग पुढं?" आबा डोळे मिटून म्हणाले.

"उद्या सांगतो, आबा."

"उद्या? ऐन मोक्याला?" आबा चिडले. "न्हाई सांगितलंस तर मेलो तरी येऊन इचारीन, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी आबा आले नाहीत. भिजून ताप भरला होता, पोरांनी येऊन गाडीत घालून पुण्याला नेलं. तिथंच गेले. निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ठोका. मी आबांच्या पोराला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, निमोनिया झाला होता, छाती कफानं भरली. ठोका वाकडा का होईना, शेवटपर्यंत चालला होता. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मधल्या खुर्चीत बसून रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, त्यात लाजायचं काय?

दहाव्याला नदीवर सगळं गाव. मी पोरांची, नातवांची डोकी केली, वस्त्र्यानंच केली, एक शब्द न बोलता. भाऊसाहेबांचं भाषण झालं. आबा म्हणजे तालुक्याचा आधारवड होते म्हणाले. आबा भाऊसाहेबांना 'धुक्याचा व्यापारी' म्हणायचे, ते सांगायचं राहिलं. मग पिंड मांडला. पलीकडं जांभळीवर चारपाच कावळे बसलेले, एक जण हलेल तर शपथ.

थोरला पुढं झाला. "आबा, शेत इकणार न्हाई." भाऊसाहेबांचं तोंड उतरलं, कावळा काही उतरला नाही. धाकटा म्हणाला, "म्हस सांभाळू." नाही. नातवानं शिक्षण पुरं करायचं कबूल केलं. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. मग किकवीची लेक, कुसुम, हात जोडून पुढं आली आणि तिला बोलताच येईना. "आबा, मी आजारपनात आले न्हाई म्हनून रागावला का वो? पोराची परीक्षा हुती वो आबा..." म्हणत ती वाळूतच बसली. बायका तिला उठवायला लागल्या तर उठेना. भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

मला माहीत होतं काय राहिलंय ते. गावात मला एकट्यालाच माहीत होतं. आणि भाऊसाहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, पांढरा सदरा, वर जॅकीट. गाळा त्यांचा, शपथ माझी. छातीत तर असा धिंगाणा चालला होता की कुठला ठोका चुकला आणि कुठला पडला काही ताळमेळ नव्हता. मी कुसुमकडं बघितलं. ती पोर आता जन्मभर हे उरावर घेऊन किकवीला जाणार, आणि कशासाठी, तर माझ्या अर्ध्या गोष्टीसाठी. पिशवी खाली ठेवली आणि पुढं झालो.

"आबा, तिचा काय दोष न्हाई. माझं राहिलंय. पुढचं सांगतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भाऊसाहेबही.

"त्यांनी सदरा काढला आबा, आन् बघतो तर छातीवर ह्ये जंगल, आन् त्या पुण्याच्या दवाखान्यात तारा चिकटवाय जागोजाग भादरलेलं. चौकोन चौकोन! म्या म्हनलं, भाऊसाहेब, ह्ये तर प्लॉट पाडलेत! मधनं रस्तं सोडल्यात! थोडी शेती, थोडी बिनशेती! सहा प्लॉट मोजले म्या, आबा. उद्या अभिषेकाला असं कसं बसायचं, म्हनून सगळा डोंगर सपाट करून आलो!"

दहाव्याला हसायचं नसतं. म्हणून सगळ्यांनी आधी उपरणी तोंडाला लावली. मग मागून कुणीतरी फुसकन फुटलं, आणि मग काही विचारू नका. थोरला गोटा हलवत हसत होता. कुसुम तोंडात पदर कोंबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी तसंच चाललेलं. कावळा एक फांदी खाली आला. पण बसून राहिला.

भाऊसाहेब चालत पुढं आले. मी मनातल्या मनात आरसे उतरवले, खुर्च्या टेम्पोत टाकल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पिंडासमोर उभे राहिले, हात जोडले.

"सहा न्हाई, आबा. सात. एक बगलंला हुता. कार्नरचा."

कावळा आला. भाताचं एक शीत उचललं आणि नदीपार गेला.

आता मला शास्त्र शिकवू नका. उन्हं चढली होती, त्याला भूक लागली असेल. पण कुसुम उठली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "बाळूदादा, आबा असंच ऐकत बसायचं न्हाई का रं तुझ्याकडं?" मी मान हलवली. परतताना भाऊसाहेब शेजारून चालत होते. म्हणाले, "उद्या सकाळी येतो दाढीला. वस्तरा काढून ठेव. आन् त्वांड चालू ठेव, तू गप ऱ्हायलास की मला माझं ऐकाय येतं."

वस्तरा पुन्हा खणाबाहेर आला. विडी सुटली, चहा काही सुटला नाही. ठोका अजून चुकतो. बाईंनी परवा पुन्हा तपासलं, पुन्हा नॉर्मल, आणि मी या वेळी हिरमुसलो नाही. मधली खुर्ची सकाळी थोडा वेळ रिकामीच असते, कुणी बसत नाही. मी बाजूच्या खुर्चीतल्याला काहीतरी सांगत असतो, आणि अधेमधे छातीत ती एक पायरी निसटते. सगळं क्षणभर गप्प होतं. पूर्वी त्या गप्पपणात मला मरण ऐकू यायचं. आता आबा ऐकू येतात, डोळे मिटून, "मग पुढं?" म्हणतात, आणि मी पुढचं सांगायला लागतो.